आबासाहेब आणि कच्चा लिंबू

टेकडीमागचा माळ आबासाहेब इनामदारांचा. निर्मलाबाई दर रविवारी गावातल्या मुलांना तिथं लगोरी खेळायला नेत. एका रविवारी मिशीला पीळ देत आबासाहेब स्वतःच खेळात उतरले आणि पहिल्याच डावात चेंडू त्यांच्या पाठीत बसला.

"आबा बाद!" पोरं ओरडली.

"मला बाद करणारा अजून जन्माला यायचाय!" आबा गरजले. "माळ माझा आहे. पुन्हा बाद म्हणालात, तर उद्या इथं कुंपण घालीन."

पोरं बाईंकडे बघू लागली. बाईंना माळ गमवायचा नव्हता आणि मुलांसमोर खोटंही बोलायचं नव्हतं.

"आबांचं खरं आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "कितीही चेंडू लागले तरी आपल्यात एक गडी बाद होत नाही. चिमे, कोण गं तो?"

"कच्चा लिंबू!" चार वर्षांची चिमी म्हणाली. आजवर तो मान तिचा एकटीचा होता. तिनं हरखून आबांचं बोट धरलं. "आबा, तुम्हीपण? मग माझ्यासंगं राहा. आपल्याला कुणी मोजतच नाही."

आबांच्या मिशा थरथरल्या. मग त्यांना हसू आवरेना. बाद झालेली पोरं बाभळीखाली बसली होती, तिकडं ते निघाले.

"सरका रे जरा," ते म्हणाले, "मी बाद आहे."