पाठीमागचा सूर

बालाघाटाच्या डोंगररांगांत वडजाई नावाचे लहानसे गाव आहे. एके वर्षी ज्वारीला कणसे धरू लागली तेव्हा श्री चिंधोबा महाराजांचा मुक्काम तिथल्या महादेवाच्या देवळात पडला. अंगात ठिगळांची कफनी आणि काखेत एक जुने स्वरमंडळ, एवढाच महाराजांचा संसार. त्या वाद्याच्या सात तारा सात सुरांना लावलेल्या होत्या. मनात आले की महाराज एखादी तार छेडीत आणि तिचा नाद विरेपर्यंत डोळे मिटून बसत.

त्या गावात हैबती नावाचा राखणदार होता. शेतातल्या उंच माळ्यावर उभे राहायचे आणि दिवसभर ओरडून, गोफण फिरवून पाखरे हाकलायची, हे त्याचे काम. पटकीच्या साथीत त्याची बायको आणि लेकरे गेली, तेव्हापासून घरी त्याला हाक मारायला कोणी उरले नव्हते. पाखरांशी भांडायचे, तेवढेच काय ते दिवसाचे बोलणे! दिवेलागणीला देवळात भजन सुरू झाले की घटकाभर माणसांत बसायला मिळेल म्हणून तो धावत येई. पण ओरडून फाटलेला त्याचा गळा साऱ्या भजनाचा सूर बिघडवी.

भजनाचे प्रमुख होते जिवाजीबुवा. एका संस्थानात गाणे शिकून आलेले, सुराला पक्के, आणि त्याची घमेंडही तितकीच पक्की. बुवांची शाल एखादे वेळी घसरे, मान मात्र कधी झुकत नसे. एके दिवशी त्यांनी टाळ थांबवले आणि सर्वांदेखत म्हणाले, "हैबत्या, अरे देव आहे तो, पाखरू नव्हे. त्याला तरी देवळात राहू दे!"

एकच हंशा पिकला. हैबती मुकाट्याने उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच बसला, ओठ घट्ट मिटून. आत इतकी माणसे गात होती आणि हा त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर एकटा! महाराजांना ते पाहवले नाही. भजन उठल्यावर त्यांनी त्याला जवळ बोलावले.

"गात का नाहीस रे?"

"गळा न्हाई, महाराज. अन् सूरबी वळकता येत न्हाई. बुवा म्हनत्यात त्ये खरंच हाय."

महाराज म्हणाले, "मग आधी ओळखायला शीक. सूर आधी कानात येतो बाबा, गळ्यात मागाहून. माझ्याकडे पाठ करून बस. मी तार छेडतो, कोणती ते तू सांगायचे. मागे वळायचे मात्र नाही."

रोज पाखरे परतली की हैबती येऊन पाठ करून बसू लागला. प्रथम त्याला सगळ्या तारा सारख्याच वाटल्या. मग षड्ज कळू लागला, कारण तो ऐकला की जीव खाली टेकल्यासारखा होई. पुढे पंचम कळला, गंधार कळला. सातवा सूर निषाद काही केल्या ध्यानात राहीना. एकदा एक तार वाजली तसा तो आपणहून म्हणाला, "महाराज, ह्यो दारात येऊन हुबा ऱ्हायलेला मानूस दिसतोय. आत बी येईना, माघारी बी जाईना."

"तोच निषाद," महाराज म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षांनी कुणाचा हात पाठीवर पडला होता! हैबती ढसाढसा रडला.

साधूचा पाय एका जागी ठरत नाही. महाराज पुढच्या गावी निघाले आणि स्वरमंडळ हैबतीच्या हाती देऊन म्हणाले, "सराव सोडू नकोस."

"पर तार छेडंल कोन, महाराज? माझ्या हातानं छेडली तर कोंची ती मला आधीच ठावं असनार. अन् मला दुसरं हाय कोन?"

"तू पाठ करून बस," महाराज हसून म्हणाले. "छेडणाऱ्याची काळजी तू कशाला करतोस?"

हैबती माळ्यावर वाद्य मागे ठेवून रोज सांजेला बसू लागला. वारा येई, जाई. तारा गप्प. बांधावरून जाणारे विचारीत, "काय रे, कुणावर रुसलास?" कोणासाठी तरी ताटकळत बसायचे आणि कोणी यायचे नाही, हे दुःख ज्याने भोगले त्यालाच कळेल.

आणि एका सांजेला पाठीमागे तार वाजली!

हैबतीच्या अंगावर काटा आला. "पंचम," तो कसाबसा म्हणाला. लगेच दुसरी तार वाजली. उत्तर बरोबर आले की पुढचा सूर येई, चुकले की तोच सूर पुन्हा, न रागावता. त्या दिवसापासून तो आपल्या भाकरीतली अर्धी मागे सरकवून ठेवू लागला. वळून मात्र त्याने एकदाही पाहिले नाही.

भोळा जीव तो! त्याने हे कोणाला तरी सांगितले आणि बुवांच्या कानी गेले.

"देव याची शिकवणी घेतो म्हणे!" बुवा भर देवळात म्हणाले. "आण ते वाद्य. मी छेडतो. एक जरी सूर चुकलास, तर तुझ्या मागे कोणी नसते हे साऱ्या गावापुढे कबूल करायचे, आणि पुन्हा देवळाची पायरी चढायची नाही."

हैबती पाठ करून बसला. बुवांनी तार छेडली. "रिषभ." दुसरी छेडली. "धैवत." एकामागून एक सगळे बरोबर येत गेले, तसे बुवांचे तोंड उतरत गेले. मग त्यांना एक खोडसाळ युक्ती सुचली. त्यांनी लोकांना डोळ्यांनी खूण केली, हात मांडीवर ठेवले आणि स्वस्थ बसून राहिले. लोकांत खसखस पिकली.

क्षणभराने हैबती म्हणाला, "षड्ज."

"ऐकलेत!" बुवा टाळी देऊन हसले. "मी तारेला बोटही लावलेले नाही! हा न वाजलेले ऐकतो. माळ्यावरही हेच चालते याचे."

सारे देऊळ हसले. देवळाची पायरी गेली त्याचे हैबतीला एवढे वाटले नाही. पण त्या सगळ्या सांजा? त्याही आपल्याच मनाचे खेळ होते की काय? त्याने हात जोडले आणि कळवळून म्हणाला, "महाराज, मागं कुनीच नव्हतं का वो?"

बुवांनी हात मांडीवर ठेवले त्याच वेळी दूरच्या गावी महाराज पानावर बसले होते. हातातला घास त्यांनी तसाच खाली ठेवला आणि बोटाने हवेत तार छेडल्यासारखे केले. लोकांनी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "माझा एक माणूस पाठ करून बसला आहे. त्याला एकटा कसा सोडू?"

इकडे हसणे एकाएकी थांबले. षड्जाची तार थरथरत होती. पहिल्यापासून वाजतच होती ती, हसण्याच्या गलक्यात कोणाला ऐकू आली नव्हती इतकेच! बुवांनी घाईने तिच्यावर तळहात दाबला. हाताखालूनही नाद येतच राहिला, वाढत वाढत गाभाऱ्यातल्या घंटेपर्यंत भरला. मग गंधार वाजला, मग पंचम. हैबती पाठमोराच बसून एकेकाचे नाव घेत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

नाद विरला तेव्हा बुवा हैबतीपुढे येऊन बसले.

"हैबती, इतके दिवस कोणी येत होते, तर एकदा तरी वळून पाहायचे होतेस! कोण आहे ते दिसले असते."

हैबती खाली मान घालून म्हणाला, "भ्या वाटायचं, बुवा. वळलो अन् कुनीच नसलं तर?"

बुवांनी डोक्यावरचे पागोटे काढून बाजूला ठेवले आणि हैबतीच्या धुळीने भरलेल्या पायांवर मस्तक टेकले.