कड्यावर मागे सरताना

फोटो फिल्मवर काढायचे तेव्हाची गोष्ट. चित्रलेखा बर्वे यांच्या मोठ्या, जड कॅमेऱ्याच्या पिशवीत दोन लेन्स होत्या, झूम आणि प्राइम. झूम जागेवरूनच चित्र रुंद करी, अरुंद करी. प्राइमचं माप एकच, त्यामुळे बाईंनाच पुढेमागे व्हावं लागे.

“तरी बाई तुलाच का लावतात गं?” झूमने कुतूहलाने विचारलं.

“मी त्यांना चालायला लावते,” प्राइम म्हणाली. “चाललं की माणूस नीट बघतो.”

एकदा बाई गडावर बुरुजाचा फोटो घेत होत्या. प्राइममध्ये बुरूज मावेना. कॅमेऱ्यातून नजर न काढता त्या एक पाऊल मागे सरल्या, मग आणखी एक.

उघड्या पिशवीतून झूम ओरडली, “अगं, मागे कडा आहे!”

प्राइमला मागचं दिसत नव्हतं आणि बाईंना लेन्सची भाषा कळत नव्हती. प्राइमने सगळा जीव एकवटला आणि आपली काच धुक्याने भरून टाकली.

“आता हे काय?” म्हणत बाईंनी पुसायला कॅमेरा खाली घेतला, आणि टाचेमागची दरी पाहून त्या मटकन खाली बसल्या.

थोड्या वेळाने त्यांनी झूम लावली.

पिशवीतून प्राइमने विचारलं, “मावला का गं बुरूज?”

“मावला,” झूम म्हणाली. “बसल्या जागेवरून.”