डावा हात

"पण आक्का, छातीत दुखलंच नव्हतं तिच्या. मी ओळखणार कसं?"

वैद्य भार्गव बायकोचे दिवस उरकून पहिल्यांदाच मठात आला होता. नाडीची विद्या त्याला इथेच येसूआक्कांनी शिकवली. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊकही होतं.

"सुमती म्हणायची काय?"

"थकवा येतो. मळमळतं. जबडा ओढतो, पाठ भरून येते... मार्गशीर्षातले गुरुवार धरले होते तिने. मी म्हटलं, उपासाचं पित्त. चूर्ण दिलं."

"मग?"

"शहरातले डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता. आक्का, शेजारच्या दाजींचा झटका मी उंबऱ्यातूनच ओळखला होता. छातीवर मूठ, दरदरून घाम..."

"दाजी वाचले?"

"वाचले."

आक्कांनी जपमाळ खाली ठेवली.

"सुमतीची पाळी गेली होती ना?"

"झाली काही वर्षं."

"पाळी असते तोवर अंगातली संप्रेरकं बाईच्या काळजाची थोडीफार राखण करतात. पुढे ती राखण उठते. हे शिकवलं होतं मी."

"शिकवलं होतं..." भार्गव खाली बघत राहिला. "मी म्हणायचो, सोड ते उपास. ती हसायची. म्हणायची, देवावर कशाला ढकलता?"

आक्कांनी दोन्ही हात पुढे केले.

"माझी नाडी बघ."

त्याने सवयीने डावा हात धरला.

"हाच का?"

"बायकांची डाव्या हाताचीच बघायची. तुमचीच शिकवण."

"हात बाईचा धरलास. आणि दुखणं?"

"पुरुषाचं शोधलं," तो हळूच म्हणाला.

त्याची बोटं आक्कांच्या मनगटावर तशीच राहिली. मग तो एकदम दचकला.

"आक्का... येताना पायऱ्यांवर गोदूताई बसल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या. कळशी बाजूला ठेवून, जबडा दाबून. मी थट्टा केली. म्हटलं, एकादशी बाधली वाटतं. कोकम घ्या."

आक्कांनी खिडकीतून हाक मारून जीप काढायला सांगितली. भार्गव उठून दाराकडे धावला.

"तालुक्याच्या इस्पितळात ने," त्या मागून म्हणाल्या. "आणि वाटेत तू बोलू नकोस. तिला बोलू दे."