मुक्कामी गाडीतली आसनं

“...पण मग ती टिकली कशी, महाराज? शास्त्र सगळं चुकीचं, गोष्टीला शेंडा ना बुडखा, आणि तरी माणसं ती अजून ऐकतात. का?”

अच्युताश्रम स्वामींनी मांडीवर पडलेलं चिंचेचं पान झटकलं.

पांझरा नदीकाठच्या मठापुढे चिंचेखाली एक लाकडी बाकडं होतं. त्याच्या एका टोकाला स्वामी. मधोमध प्राध्यापक उन्मेष कारखानीस. दुसऱ्या टोकाला प्राध्यापकांची फुगलेली पिशवी. पिशवीत त्यांच्या ग्रंथाचं हस्तलिखित होतं, म्हणून तिलाही बसायला जागा होती.

ग्रंथाचा विषय होता ‘मुक्कामी गाडी’. रेडिओवरची जुनी विनोदी मालिका. एसटीसारखी एक खडखडी गाडी या ग्रहावरून त्या ग्रहावर जाते, रोज उशिरा पोचते, आणि वाटेत हात करील त्याला घेते. तीन डोक्यांचा असो, पाण्यात राहणारा असो, नाही कुणालाच म्हणत नाही. गाडी गच्च भरली की कंडक्टर ओरडतो, “सरका, सरका. जागा होते.” आणि जागा होते.

एवढीच गोष्ट. संन्यास घेण्याआधी ती स्वामींनी लिहिली होती.

“महाराज, या मालिकेचे लेखक म्हणून आपण...”

“ते गृहस्थ वारले,” स्वामी म्हणाले. “त्यांचं श्राद्ध मीच केलं.”

संन्यास घेताना आपलं श्राद्ध आपणच करायचं असतं, हे प्राध्यापकांना ठाऊक होतं. पण अशा उत्तरावर पुढे काय विचारायचं, ते कुठल्या पुस्तकात दिलेलं नव्हतं.

“ग्रंथात मी कारणं दिली आहेत. भाषा, उपहास, जुन्या दिवसांची ओढ...”

“कारणं सापडली, तर मग इथवर कशाला आलात?”

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. “कारणं वाचून कुणाला हसू येत नाही, महाराज. मलाही नाही.”

हे ते खरं बोलले. पण खरं बोलल्यावर माणूस जरा रागावतो, तसे तेही रागावले.

“बरं, त्या गृहस्थांच्या चुका सांगतो. अवकाशात आवाज ऐकू येत नाही. यांची गाडी हॉर्न वाजवत जाते.”

“जात असेल.”

“शनीवर उतरून रसवंतीत उसाचा रस पितात. शनीला उभं राहायला जमीनच नाही!”

“नाही का...”

“आणि कहर म्हणजे, गाडीत आसनं किती हेसुद्धा ठरवलेलं नाही. एका भागात बारा, पुढच्या भागात वीस, नंतर कुणी मोजतच नाही. अहो, अवकाशयान आहे ते! आसनं किती होती, महाराज?”

स्वामी प्राध्यापकांकडे वळले.

“तुम्ही ती मालिका कुठे ऐकायचात?”

“कुठे म्हणजे... घरी. लहानपणी. रेडिओ दादाच्या खाटेपाशी असायचा. मला अंधाराची भीती वाटायची, म्हणून मी त्याच्याच खाटेवर जायचो.”

“खाट मोठी होती?”

“छे हो! एकट्या दादालाच पुरायची नाही. तो भिंतीला चिकटायचा आणि म्हणायचा, ये रे, जागा होते.”

“आता कुठे असतात ते?”

प्राध्यापकांनी फाटकाकडे पाहिलं. फाटकाबाहेर त्यांची मोटार उभी होती. मागच्या सीटवर साठीला टेकलेला एक माणूस काच खाली करून एकटाच हसत होता.

“माझ्याकडेच असतो. आजारानंतर डोकं ठिकाणावर राहिलं नाही त्याचं. कुणाला इजा करत नाही, पण भलत्या वेळी हसतो. मालिकेतली वाक्यं दिवसभर बोलत बसतो. सोमवारी त्याला एका संस्थेत ठेवतोय. चांगली आहे संस्था.” मग, कुणी विचारलं नसताना, “आमचं घर लहान आहे, महाराज. दोनच खोल्या.”

“एका खोलीत तुम्ही.”

“मी आणि ही.”

“आणि दुसरीत?”

“दुसरीत ग्रंथाचं सामान. ध्वनिफिती, कात्रणं... सगळं ‘मुक्कामी गाडी’चंच.”

बोलून झाल्यावर प्राध्यापकांना आपलंच वाक्य ऐकू आलं. जरा उशिरा आलं, पण आलं.

स्वामी उठले. फाटकापर्यंत गेले, मोटारीचं दार उघडलं.

“या.”

दिगंबर कारखानीस आत आले. संन्याशाला नमस्कार करायचा असतो, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. चिंच पाहून ते हसले. धाकट्या भावाला पाहून जास्त हसले.

स्वामी आपल्या टोकाला बसले आणि आणखी कडेला सरकले. आता ते अर्धे बाकड्यावर होते आणि अर्धे बाहेर.

प्राध्यापक तसेच बसून होते. पिशवीही तशीच.

दिगंबर उभे होते.

मग दिगंबरांनी घसा खाकरला आणि कंडक्टरचा तो घोगरा आवाज जसाच्या तसा काढला.

“सरका, सरका. जागा होते.”

प्राध्यापकांना हसू आलं. कितीतरी वर्षांनी त्या वाक्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. पिशवी त्यांनी उचलून मांडीवर घेतली, मग खाली मातीत ठेवली, आणि ते सरकले.

दिगंबर बसले. बाकडं कुरकुरलं. तिघांचे खांदे एकमेकांना लागले.

नदीवर कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“महाराज,” प्राध्यापक हळूच म्हणाले, “पण घर खरंच लहान आहे हो.”

स्वामींनी मान वळवली नाही.

“गाडीत आसनं किती होती, विचारत होतात ना?” ते म्हणाले. “आता मोजा.”