ओरडणं नसलेलं मेटल

“हेही परत घ्या सर. ह्यातही ओरडतात.”

अमोघने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

शांतवन सर गिटारच्या तारा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. “कोण ओरडतं? त्यात गायकच नाही. नुसती वाद्यं आहेत.”

“गिटार ओरडते.”

“बरं...”

देवळाली कॅम्पात, अंड्यांच्या गोदामावरच्या एका खोलीत सर तीस वर्षं हेवी मेटल, म्हणजे गिटारचं दणदणाटी संगीत, शिकवत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते. आवाज तरीही जायचा.

अमोघ त्यांचा सगळ्यांत तयार विद्यार्थी, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी अमोघच सांगायचा. तार किती दिवसांची जुनी आहे ते नुसतं ऐकून सांगायचा. दुसऱ्या कुणाची गिटार केसभर उतरलेली असली, की ह्याचं तोंड वाकडं. लोकांना त्याचा राग यायचा, पण तो बरोबर असायचा, म्हणून जास्त यायचा.

त्याचा धाकटा भाऊ शार्दूल त्याच्याच बँडमध्ये गायचा. गायचा म्हणजे ग्रोल करायचा, पोटातून, ऐकणाऱ्याला त्याचा गळा आवळावासा वाटेल असं ओरडून. गाण्यात तोही सरांचाच विद्यार्थी.

शार्दूल मागच्या वर्षी घराच्या गच्चीवरून पडून गेला. तेवीस वर्षांचा होता.

त्यानंतर अमोघ गिटारीला शिवला नाही. महिन्यापूर्वी एका रविवारी तो सरांच्या दारात उगवला, दाढी वाढलेली, गिटार पाठीवर.

“मेटल सोडलं तर माझ्याकडे काहीच उरत नाही सर,” तो म्हणाला होता. “पण कुणी ओरडलं की माझा हात थांबतो. ओरडणं नसलेलं मेटल मला शोधून द्या. नाही सापडलं, तर ही गिटार कुणाला तरी देऊन टाकतो.”

सर हसले नाहीत. तसलं मेटल मुबलक आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पहिल्या रविवारी उंच, मोकळ्या गळ्याचे गायक दिले.

“हे गोड आवाजात ओरडतात,” म्हणून अमोघने ते परत आणले.

दुसऱ्या रविवारी सरांनी अगदी संथ काहीतरी दिलं. त्यातला माणूस देवळात बसल्यासारखा शांत गात होता.

“हा तोंड मिटून ओरडतो,” अमोघ म्हणाला.

आणि आज हे तिसरं.

“आता चौथं द्या.”

“नाही.”

“नाही म्हणजे? जगात इतके बँड आहेत सर. एकही नाही?”

“ढीगभर आहेत. तुझ्यासाठी नाहीत.”

अमोघचा चेहरा लाल झाला. “म्हणजे माझ्या कानात दोष आहे?”

“तुझ्या कानात दोष कसा असेल?” सरांनी फडकं बाजूला ठेवलं. “तुला नक्की काय ऐकू येतं अमोघ?”

“बस,” सरांनी स्टूल पुढे सरकवलं. “सांग.”

तो बसला नाही. उभ्यानेच बोलला, भिंतीकडे बघत.

“रोज पाचला त्याचा रियाज असायचा. घरात कटकट नको म्हणून मीच त्याला गच्चीवर पाठवायचो.”

“माहितीये.”

“त्या दिवशीही आवाज आला. मी खाली माझ्या खोलीत नवा तुकडा बसवत होतो. नेमका जमत आला होता.”

“मग?”

“मी अँपचा आवाज वाढवला. तो कठड्याच्या बाहेर लोंबकळत होता सर. सोलरच्या पाइपवर पाय द्यायला गेला असेल, घसरला. कठडा धरून ओरडत होता. दोन-तीन मिनिटं तरी. सोसायटीतल्या सगळ्यांनी ऐकलं. सगळे म्हणतात, आम्हाला वाटलं आज जरा जास्तच लावलंय ह्याने. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.”

“आणि तुला काय वाटलं?”

“मला?” अमोघ हसला. ते हसणं बघवत नव्हतं. “मला वाटलं, आज काय गातोय हा! इतकं चांगलं ह्याला कधीच लागलं नव्हतं. म्हटलं, खाली आला की शाबासकी देऊ. आयुष्यात एकदाही दिली नव्हती.”

खाली गोदामात कुणीतरी ट्रे मोजत होतं. दोघांनीही ते ऐकून घेतलं.

“आईला हे माहीत नाही,” अमोघ म्हणाला. “तिला वाटतं मी घरात नव्हतो.”

अशा वेळी माणसं खांद्यावर हात ठेवतात, तुझी काय चूक म्हणतात. दुसरं काही सुचत नाही म्हणून म्हणतात, पण निदान म्हणतात तरी. सरांनी तेवढंही केलं नाही.

“जा,” ते म्हणाले.

“काय?”

“घरी जा. गिटार ठेव, नाहीतर देऊन टाक. तुला हवंय ते माझ्याकडे नाही.”

“एवढंच? चार रविवार येतोय मी. कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगितलं. आणि तुम्ही...”

“जा म्हटलं ना.”

अमोघने गिटार उचलली आणि निघाला. दरवाजा त्याने इतक्या जोरात लावला की भिंतीवरचा एक ट्रे सुटून पडला. जिना उतरताना त्याने सरांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. म्हातारा झालाय, दगड झालाय, पुन्हा ह्याचं तोंड बघायचं नाही.

तो शेवटच्या पायरीवर होता तेव्हा वरून ओरडणं आलं.

एकदाच आलं, पण लांब. सुरू झालं ते थांबेचना. गोदामातल्या माणसाच्या हातातला ट्रे तिरका झाला आणि अंडी फुटली.

अमोघने गिटार तिथेच टाकली. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर धावला, मध्ये आपटला, नडगी सोलून निघाली, तसाच उठला. दार ढकललं.

सर खिडकीशी उभे होते. दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. बाकी धडधाकट.

“सर! काय झालं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे? आत्ता तुम्ही...”

“ओरडलो.”

अमोघला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने पुढे होऊन सरांची कॉलर धरली. ज्यांच्या पाया पडल्याशिवाय तो एकेकाळी गिटारीला हात लावत नसे, त्यांची कॉलर.

“चेष्टा करता माझी? हे ऐकून झाल्यावर? माझी?”

सरांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. “तू वर का आलास?”

“मला वाटलं तुम्हाला काहीतरी...”

“ह्या खोलीत मी तीस वर्षं ओरडतोय. तू हजार वेळा ऐकलंयस. कधी धावत आला नाहीस. आज का आलास?”

अमोघची पकड सुटली.

“सांग ना. तार किती दिवसांची आहे ते सांगतोस. आत्ता जे ऐकलंस, ते गाण्यातलं होतं की खरं होतं?”

अमोघने डोळे मिटले. तो ते ओरडणं आठवून आठवून ऐकत होता, एखादा कठीण तुकडा ऐकावा तसं. त्याला उत्तर द्यायचं होतं. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायची त्याला सवय होती.

“सांग.”

“नाही कळलं सर.” आणि तो रडायला लागला, मोठ्याने, वर्षभरात पहिल्यांदा. “खरंच नाही कळलं मला.”

सरांनी तांब्या उचलला. घटाघट पिताना पाणी सदऱ्यावर सांडलं. घसा पार बसला होता, बोललेलं जेमतेम ऐकू येत होतं.

“कुणालाच कळू नये, म्हणूनच तर मी शार्दूलकडून ते दोन वर्षं घोटून घेतलं.”