दोन पांढरे खांब

फार पूर्वी जर्मनीतल्या एका खेड्यात जमीनदाराची जुनी दगडी हवेली होती. नव्या मालकाने शोभेसाठी तिच्या दारापुढे दोन उंच पांढरे खांब उभे केले. खांब ऐटीत म्हणाले, "आम्ही आहोत म्हणून ही हवेली उभी आहे!"

हवेलीच्या जिन्याखाली राहणाऱ्या हिल्डा हंसिणीला ते खरंच वाटलं. "दादांनो, नीट उभे राहा हं! जिन्याखाली माझी पिल्लं आहेत," असं ती त्यांना रोज विनवायची.

एकदा वादळात डावा खांब धाडकन पडला. हिल्डाने पिल्लांना पंखांखाली घेऊन डोळे गच्च मिटले. पण हवेलीचं साधं कौलही हललं नाही.

हिल्डा बाहेर येऊन बघते तर काय, उजवा खांब कण्हत होता, "बाई गं, आता सगळा भार माझ्या एकट्यावर!"