चुटकूचा दात आणि जंतूरावांची भिंत

एका स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे, चुटकू उंदीर राहायचा. एवढासा! शेपूट मात्र लांबलचक.

एकदा त्याला शेंगदाणा मिळाला. भाजलेला. खमंग! चुटकूने चावला. कुडु... आई गं! दात ठणकला. ठण ठण ठण!

दातात बसला होता जंतू. डोळ्यांना दिसेना, पण ऐट केवढी! म्हणे, मला जंतूराव म्हणा. अंगाभोवती त्याची जाड जाड भिंत.

"जंतूराव, जंतूराव, निघा ना! दाणा चाववेना!"

"छे बुवा! माझी भिंत पडेल, तर निघेन. पण पाडणार कोण? हॅ हॅ हॅ!"

चुटकूने दाणा काखेत धरला. निघाला तुरूतुरू. मसाल्याच्या डब्यात लवंगताई बसली होती.

"लवंगताई, लवंगताई, तेल दे ना! भिंत पडेना, जंतू निघेना, दाणा चाववेना!"

"छे बाई! मी मसाल्याची राणी. आपण होऊन कशी फुटू? मला कुणी कुटेल, तर तेल देईन."

तुरूतुरू तुरूतुरू. कोपऱ्यात खलबत्ता रुसून बसला होता.

"खलबत्तेकाका, खलबत्तेकाका, कुटा ना! लवंग फुटेना, भिंत पडेना, जंतू निघेना, दाणा चाववेना!"

"छे बुवा! मिक्सर आला, तेव्हापासून मला विचारतंय कोण? तो थांबेल, तर कुटेन."

तुरूतुरू तुरूतुरू. मिक्सर ओरडत होता. घर्रर्र घर्रर्र! चटणी केव्हाच झाली होती. तरी घर्रर्र घर्रर्र!

"मिक्सरसाहेब, मिक्सरसाहेब, थांबा ना! खलबत्ता कुटेना, लवंग फुटेना, भिंत पडेना, जंतू निघेना, दाणा चाववेना!"

"छे बुवा! मी फार कामात आहे. वीज जाईल, तर थांबेन."

तुरूतुरू तुरूतुरू. बटणांमागे वीजबाई राहायची.

"वीजबाई, वीजबाई, जा ना! मिक्सर थांबेना, खलबत्ता कुटेना, लवंग फुटेना, भिंत पडेना, जंतू निघेना, दाणा चाववेना!"

"छे बाई! उगीच कशी जाऊ? कुणाला घाई असेल, तेव्हाच मी जाते."

तुरूतुरू तुरूतुरू. शेवंतामावशी फोनवर गप्पा मारत होती.

"मावशी, मावशी, घाई कर ना! वीज जाईना, मिक्सर थांबेना, खलबत्ता कुटेना, लवंग फुटेना, भिंत पडेना, जंतू निघेना, दाणा चाववेना!"

"छे बाई! घाई कसली? कावळा ओरडेल, तर पाहुणे येतील. पाहुणे येतील, तर घाई करेन."

तुरूतुरू तुरूतुरू. कावळा खिडकीत बसला होता.

"कावळेदादा, कावळेदादा, ओरडा ना! मावशी घाई करेना, वीज जाईना, मिक्सर थांबेना, खलबत्ता कुटेना, लवंग फुटेना, भिंत पडेना, जंतू निघेना, दाणा चाववेना!"

"छे बुवा! घसा दुखतो. काखेत काय आहे रे? तो दाणा देशील, तर ओरडेन."

चुटकूला रडूच आलं. एकच तर दाणा! पण दात ठणकला. ठण ठण ठण!

"घ्या दादा," चुटकू म्हणाला.

गट्ट! कावळ्याने दाणा गिळला. मग ओरडला. काव काव काव!

पाहुणे आले. डिंग डाँग!

मावशीची घाई उडाली. "अगं बाई, मसालेभात करायचाय!"

वीज गेली. पट्!

मिक्सर थांबला. गप्प!

मावशीने खलबत्ता ओढला, लवंग आत टाकली. खलबत्ता कुटू लागला. ठक ठक ठक!

लवंग फुटली. कट्! तिचा तुकडा उडाला, थेट चुटकूच्या तोंडात. चुटकूने तो दाताखाली धरला.

लवंगेचं तेल झिरपलं. जंतूरावांच्या भिंतीला भोकं पडली. इथे भोक, तिथे भोक. आतलं सगळं बाहेर. फुस्स! जंतूराव संपले. ऐटसुद्धा संपली.

मग मावशीने खलबत्त्यात शेंगदाणे टाकले. ठक ठक ठक! एक दाणा उडाला. टुण्ण! चुटकूच्या पायाशी.

तेवढ्यात गलका झाला.

"दात मी बरा केला!" कावळा म्हणाला.

"मी केला!" वीजबाई अंधारातून म्हणाली.

"मी थांबलो म्हणून!" मिक्सर म्हणाला.

"मी! मी! मी!" लवंगताई आणि खलबत्ता भांडू लागले.

"चुटकू, तूच सांग! कुणी केला?"

चुटकू सांगणार कसा? तोंडात दाणा होता ना!

कुडुम कुडुम कुडुम!